कारण नसताना आठ दिवसांची सुटी मागता येते का?

प्रश्न – अमळनेरची सून

नमस्कार. माझे वय ४७ आहे. सासूबाईंना स्मृतिभ्रंश होऊन पाच वर्षे झाली. त्यांतली पहिली दोन त्यांच्या विसरण्यात गेली आणि पुढची तीन माझ्या राखण करण्यात. त्यांचे वय ७८. त्या अजून स्वतःच्या पायांनी चालतात आणि आजच्या घडीला आमची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे, कारण पाय चालतात, पण कुठे जायचे ते कळत नाही. रात्री तीनच्या सुमारास त्या उठतात, दाराची कडी चाचपतात आणि "माले घर जानं शे" असे म्हणत उंबऱ्याशी उभ्या राहतात. ज्या घराच्या उंबऱ्यावर त्या हे म्हणतात त्या घराच्या विटा त्यांनी स्वतः डोक्यावर वाहिलेल्या आहेत. मी दिवा लावते. त्या माझ्याकडे पाहतात आणि मी कोण, असे अगदी आदराने विचारतात.

माझे पती भुसावळला रेल्वेत आहेत. पाळ्या बदलत असल्यामुळे आठवड्यातल्या दोन-तीन रात्री ते घरी नसतात. जेठ पुण्याला आणि नणंद सुरतेला असतात. मुलगी नाशिकला शिकते. कोणी वाईट नाही. सगळे फोन करतात आणि प्रत्येक फोनच्या शेवटी "तू आहेस म्हणून आईचे नीट चालले आहे" हे वाक्य असते. पूर्वी मला ते बरे वाटत असे.

मागच्या महिन्यात एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा कडीला हात घातला, तेव्हा मी त्यांचे मनगट धरले आणि सोडले नाही. किती वेळ धरले ते मला सांगता येणार नाही. सकाळी त्यांच्या हातावर बांगडीचा वळ होता, एका बाजूने निळा पडलेला. त्यांना काहीच आठवत नव्हते. तो हात माझ्यापुढे धरून त्या "हाई काय व्हयनं?" असे विचारत होत्या आणि मी त्यावर खोबरेल तेल चोळत होते. हे मी घरात कोणाला सांगितलेले नाही.

मला आठ दिवस हवे आहेत. माझ्याकडे लग्न नाही, बारसे नाही, यात्रा नाही. मला फक्त झोपायचे आहे आणि सकाळी उठल्यावर कोणाचे काही ऐकू न येता चहा प्यायचा आहे. कारण असते तर सोय झाली असती, हे मला अनुभवाने माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले, तेव्हा नणंदबाई सुरतेहून येऊन अकरा दिवस राहिल्या. लिहिताना लाज वाटते, पण टाके ओढत असतानाही ते अकरा दिवस मला सणासारखे वाटले होते.

बाहेरगावी यासाठी काही दिवस रुग्णाला ठेवून घेणाऱ्या जागा असतात, त्याला रिस्पाइट केअर म्हणतात, असे मुलीने सांगितले. आपल्याकडे, म्हणजे जळगाव-धुळे भागात, अशी सोय कशी शोधावी? आठ दिवस परक्या जागी ठेवल्यास सासूबाईंची प्रकृती आणखी बिघडेल का? आणि सर्वांत अवघड प्रश्न हा, की कारण विचारले तर काय सांगावे?

उत्तर – निवृत्त परिचारिका, धुळे

ताई, आधी त्या मनगटाबद्दल लिहिते. तुम्ही क्रूर आहात असा त्याचा अर्थ नाही, पण त्यात काहीच नाही असेही मी म्हणणार नाही. तो इशारा आहे आणि तो वेळेवर आला आहे. मी चौतीस वर्षे वॉर्डात काढली. आठ तास झाले की पाळी संपवून आम्हाला घरी जाऊ देत असत, आणि हा नियम कोणी आमच्यावरच्या मायेने केलेला नव्हता. थकलेल्या हातून चुकीचे औषध जाते म्हणून तो होता. तुमची पाळी तीन वर्षांपासून सुरू आहे.

सुटीआधी एक काम करा. रात्रीचे उठणे पूर्वीपासून असेच आहे की अलीकडे वाढले, ते आठवून पाहा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात अचानक बदल झाला, तर तो आजार वाढला असे धरून बसू नये. लघवीचा संसर्ग, चार-चार दिवस पोट साफ न होणे, दाढ किंवा गुडघा दुखणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि रुग्णाला ते सांगता येत नाही. त्या डोनेपेझिल ही स्मृतिभ्रंशावरची गोळी घेत असतील आणि ती गोळी रात्री दिली जात असेल, तर काही रुग्णांना त्याने झोप लागत नाही किंवा फार स्वप्ने पडतात. अशा वेळी डॉक्टर ती सकाळी द्यायला सांगतात, मात्र हा बदल तुम्ही परस्पर करू नका, विचारून करा. दुपारी त्या दोन-दोन तास झोपत असतील तर ती झोप अर्ध्या तासावर आणा आणि सकाळी त्यांना अंगणात उन्हाला बसवा. रात्रीच्या तीन तासांची झोप परत मिळाली, तर तुमची निम्मी सुटी घरातच मिळेल.

आता मूळ प्रश्न. रिस्पाइट केअर म्हणजे काळजी घेणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून ठरावीक काळासाठी केलेली पर्यायी सोय. ती तीन तऱ्हांनी होते: बाहेरची बाई घरी येऊन बसते, किंवा रुग्ण दिवसभर एखाद्या केंद्रात जाऊन संध्याकाळी परत येतो, किंवा काही दिवस तिथेच मुक्कामाला राहतो. दिवसाची केंद्रे मोठ्या शहरांत आढळतात. आपल्या भागात 'रिस्पाइट' अशी पाटी शोधत बसू नका. ज्या वृद्धाश्रमांत किंवा शुश्रूषा केंद्रांत महिन्याच्या बोलीने रुग्ण ठेवून घेतात, तिथे जाऊन आठ-दहा दिवसांसाठी ठेवाल का, असे सरळ विचारा. मात्र सुरुवात मुक्कामाने करू नका. नवी जागा, नवे चेहरे आणि वेगळ्या दिशेला असलेले न्हाणीघर, एवढ्यानेही असा रुग्ण बिथरतो, आणि मग तो अनुभव पाहून तुम्ही पुन्हा कधी सुटीचे नाव काढणार नाही.

माझा सल्ला असा, की आधी आठवड्यातून दोन दुपारी, चार-चार तास, एकच मावशी ठरवा. एकच म्हणजे एकच, दर वेळी नवी नको. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही घरातच राहा, पण दुसऱ्या खोलीत, आणि हाक आली तरी मावशींनाच जाऊ द्या. हे जमणे तुम्हाला सासूबाईंपेक्षा जड जाईल. महिनाभरात त्या चेहऱ्याला रुळल्या की मावशींना एक रात्र ठेवा, आणि त्यानंतरच आठ दिवसांचा विचार करा.

एक वही करा. तिच्यात उपदेश लिहू नका, घडते ते लिहा. "चहा बशीत ओतून दिला तरच घेतात, कप पुढे केला तर ढकलतात." "आंघोळीला नाही म्हणाल्या तर वाद घालू नये, अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे." "डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावे." औषधांची वेळ, डॉक्टरांचा नंबर आणि त्यांचे एक ताजे छायाचित्र त्या वहीत असू द्या. सासूबाईंच्या लुगड्याच्या किंवा गाऊनच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी टाचून ठेवा. चालत्या पायाच्या रुग्णासाठी ही पट्टी औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

एखाद्या केंद्रात ठेवायचेच ठरले, तर दुपारी कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचू नका. रात्री आठनंतर जा. किती रुग्णांमागे रात्री किती माणसे जागी असतात, चालणाऱ्या रुग्णाला बांधतात का, झोपेचे औषध कोणाच्या चिठ्ठीवरून देतात, आणि तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. न्हाणीघर बघा. वास नाकाला कळतो, त्यासाठी परिचारिका असावे लागत नाही.

उत्तर – भुसावळचा एक वाचक

मी या चर्चेत वेगळे मत मांडतो आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. माझ्या आत्याला आम्ही पंधरा दिवसांसाठी एका केंद्रात ठेवले होते. नाव लिहीत नाही. पैसे आगाऊ घेतले, खोली स्वच्छ होती, फोनवर रोज "आजी मजेत आहेत" असे सांगितले जात होते. आणले तेव्हा त्यांच्या कमरेच्या खाली, माकडहाडापाशी, रुपयाएवढी जखम होती आणि तिच्यावर पावडर टाकलेली होती. त्या जखमेने पुढचे चार महिने घेतले. विसाव्याचे ते पंधरा दिवस आमच्या घरातल्या बाईला किती महागात पडले, ते तुम्हीच मोजा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की स्वतःची तक्रार स्वतः सांगू न शकणाऱ्या माणसाला परक्याच्या हाती देऊ नये. घरच्यांनी थोडे सोसावे. आपल्याकडे आजवर असेच चालत आले आहे.

उत्तर – निवृत्त परिचारिका, धुळे

तुमच्या आत्यांच्या बाबतीत जे झाले ते निष्काळजीपणाचेच आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. स्वतः कूस बदलता न येणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. ते झाले नाही की माकडहाड, टाचा आणि खुबे इथली कातडी आधी लाल होते, मग फाटते. म्हणूनच ठेवताना आणि आणताना रुग्णाचे अंग डोक्यापासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून पाहावे, कागदावर नोंद करावी आणि दोघांनी सही करावी. मध्ये एकदा न सांगता भेटायला जावे.

पण "घरच्यांनी थोडे सोसावे" या वाक्यातले "घरचे" म्हणजे किती माणसे, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते एकच माणूस होते आणि ते साडी नेसत होते.

उत्तर – केळीवाला, रावेर

आम्ही तीन भाऊ. वडिलांना २०१६ मध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणे गेले. आम्ही भावांनी शहाणपणा करून पाळी लावली: प्रत्येकाकडे एक महिना. कागदावर ती वाटणी अगदी न्यायाची होती. प्रत्यक्षात दर महिन्याच्या एक तारखेला वडिलांना गाडीत घालून खाट, गादी, भांडे, औषधे यांच्यासह पुढच्या घरी नेले जाई. पहिले आठ-दहा दिवस ते जेवत नसत, रात्री ओरडत, आणि रुळले की महिना संपत आलेला असे. आमच्याकडे शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते. पाणी द्यायला जो रात्री बांधावर उभा राहतो त्यालाच ठाऊक असते, की झोपेचे वेळापत्रक दर आठवड्याला उलटले की माणूस कसा होतो. वडिलांचे आम्ही तेच केले होते.

सातव्या महिन्यात धाकट्याच्या बायकोने तोंड उघडले. बाबांना हलवू नका, तुम्ही हला, असे ती म्हणाली. त्यानंतर वडील माझ्याकडेच राहिले आणि भाऊ येऊ लागले. एक भाऊ दर शनिवारी संध्याकाळी येई आणि रविवारी रात्री जाई. त्या काळात मी आणि माझी पत्नी वरच्या खोलीत झोपत असू आणि काहीही झाले तरी खाली उतरायचे नाही असे ठरले होते. तिसरा भाऊ नोकरीमुळे येऊ शकत नव्हता, त्याने रात्रीच्या माणसाचा पगार दिला. ज्याला वेळ देता येत नाही त्याने पैसे द्यावेत आणि पैसे देणाऱ्याने सल्ला देऊ नये, एवढी दोनच कलमे आम्ही लिहून काढली होती. दुसरे कलम पाळणे फार कठीण गेले.

भुसावळच्या दादांना माझे सांगणे एवढेच, की परक्याच्या हातची जखम दिसते. वडिलांना पाठीवर घेऊन न्हाणीत नेताना माझ्या पत्नीचा मणका सरकला, ती अजून पट्टा बांधते, आणि त्याची नोंद कोणत्याच कागदावर नाही. रुग्णाला काखेत हात घालून उचलू नये, त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून, आपले गुडघे वाकवून, त्याला आधी खाटेच्या कडेला बसवावे आणि मग उभे करावे, हे आम्हाला फिजिओथेरपिस्टने शिकवले, पण तोवर तिची पाठ गेली होती.

उत्तर – समाजकार्यकर्ती, जळगाव

कायदा आणि योजना यांबद्दल थोडे लिहिते, कारण या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी बरीच माहिती अर्धवट असते.

७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. सासूबाईंचे काढले नसेल तर काढून घ्या. मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी येणाऱ्या मावशींचा पगार किंवा केंद्रातला विसाव्याचा मुक्काम त्यात बसत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'समर्थ' ही योजना विसाव्याच्या मुक्कामाचा विचार करते, परंतु तो ट्रस्ट १९९९ च्या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी स्थापन झाला आहे. म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशासाठी तो नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी मात्र ती चौकशी जरूर करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि काळजी घेणाऱ्याला स्वतःला बोलायचे असेल तर १४४१६ ही टेलि-मानस नावाची सरकारी मानसिक आरोग्य सेवा दिवस-रात्र सुरू असते. ताई, तो मनगटाचा प्रसंग तुम्ही घरात सांगितलेला नाही, म्हणून हा दुसरा क्रमांक मुद्दाम देते.

जपानमध्ये २००० साली दीर्घकालीन काळजीचा सार्वजनिक विमा सुरू झाला आणि रुग्णाला काही दिवस केंद्रात ठेवण्याची सोय त्या विम्यातच धरलेली आहे. तिथे सुनेला कारण सांगावे लागत नाही, कारण ती कोणाकडे उपकार मागत नसते. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला. त्यांतल्या बहुतेकांची केंद्रे म्हणजे आपली घरेच आहेत. आणखी एक गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट', म्हणजे सततच्या ताणाने पार थकून जाणे, हा शब्द फक्त नोकरीच्या संदर्भात वापरावा असे म्हटले आहे. म्हणजे घरात राबून जळून गेलेल्या बाईला त्या शब्दावरही हक्क नाही.

प्रामाणिकपणाने हेही लिहायला हवे, की अशा विसाव्याचा नेमका किती फायदा होतो याचा कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत त्यांना जेमतेम चार चाचण्या मिळाल्या आणि त्यांतून ठाम निष्कर्ष निघाला नाही. चांगले संशोधनच थोडे झाले आहे, म्हणून फायदा नाही असा अर्थ काढू नये, असेही त्या आढाव्यात म्हटले आहे. माझ्या कामातला अनुभव असा, की एकदाच घेतलेली मोठी सुटी महिन्याभरात विरून जाते. लहान पण ठरलेली आणि कोणी रद्द करू शकणार नाही अशी सुटी टिकते, कारण माणूस त्या वारावर नजर ठेवून बाकीचे दिवस काढतो.

आता कारणाबद्दल. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा वाचा. त्यात निर्वाहाची जबाबदारी ज्या 'अपत्यां'वर टाकली आहे त्यांच्या व्याख्येत मुलगा आहे, मुलगी आहे, नातू आणि नातही आहे. सून नाही. या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे कोणी जावे असे मी मुळीच सुचवत नाही. सुरतेच्या ताई आणि पुण्याचे दादा चांगले आहेत असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. पण तुम्ही जे आठ दिवस मागत आहात ते तुमच्या कर्तव्यातून मागत नाही आहात, एवढे मनाशी पक्के असू द्या. ते आठ दिवस मुळात त्यांच्या वाट्याचे आहेत.

उत्तर – आजी, शिंदखेडा

माझी नात टंकते आहे आणि मी सांगते आहे. माझे वय ७४. माझ्या सासूला मी नऊ वर्षे उचलले, तेव्हा हे आजाराचे नाव कोणाला माहीत नव्हते. म्हातारी चळली, असे म्हणत.

पोरी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही माहेरी जात असू. गौराई मांडायची, झोके बांधायचे, झोक्यावर बसून सासरच्यांच्या नावाने मनसोक्त गाणी म्हणायची, आणि सांजा-घुगऱ्या-मांडे खाऊन आठ-पंधरा दिवसांनी परत यायचे. भाऊ मूळ, म्हणजे माहेरचे बोलावणे, घेऊन यायचा. तुझी बहीण कशाला चालली, तिला काय झाले, असे त्याला कोणी विचारत नसे. आखाजी आली, हेच कारण. मागे सासूचे कोण करत असे? माझी नणंद. तिचीही तर आखाजी होती, तीही माहेरी आलेली असायची आणि तिचे माहेर म्हणजे तिच्या आईचे घर. ती झोक्यावर कमी बसायची आणि आईजवळ जास्त. आता पोरी नोकरीला लागल्या, आखाजीची सुटी एक दिवसाची झाली आणि ती सोय गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

तू यंदाच्या श्रावणातल्या कानबाईच्या सणाची वाट बघ. रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद येतातच, जेठही येईल, नणंदही येईल. सोमवारी कानबाई बोळवून आल्यावर, गाड्या सुटायच्या आधी, सगळ्यांच्या समोर बोल. फोनवर बोलू नकोस. फोनवर माणूस "बघू" म्हणतो. कारण विचारले तर सांग, की पाच आखाज्या राहिल्या आहेत, त्यातली एक द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर – अमळनेरची सून (पोळ्यानंतर)

सर्वांची उत्तरे मी अनेकदा वाचली. जे घडले ते लिहिते, कारण माझ्यासारखे वाचणारे आणखी असतील.

परिचारिका ताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी तपासणी केली. लघवीत संसर्ग निघाला. औषधानंतर रात्रीचे उठणे थांबले नाही, पण तीनदा होते ते एकदा झाले. गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळची केली. मग आमच्याच गल्लीतल्या एका मावशींना मंगळवार आणि शुक्रवार दुपारी एक ते पाच यायला सांगितले. पहिल्या शुक्रवारी मी आतल्या खोलीत चार तास भिंतीला पाठ लावून बसून होते आणि बाहेरचा प्रत्येक आवाज मोजत होते. चौथ्या वेळी झोपले.

कानबाईच्या सोमवारी बोलले. आजींनी सांगितलेले आखाजीचे वाक्य मनात पाठ केले होते, पण प्रत्यक्षात ते तोंडून निघाले नाही. मी नणंदबाईंना मागच्या ओट्यावर नेले आणि मनगटाचा प्रसंग सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "कोणत्या हाताचे?" मी सांगितले. त्या आत जाऊन आईचा तो हात पाहून आल्या, तिथे आता काहीच दिसत नव्हते. नंतर त्यांनीच जेठांसमोर विषय काढला. जेठ म्हणाले, की बाई ठेवा, पैसे मी देतो, आणि लगेच बाई कशी असावी ते सांगू लागले. मी रावेरच्या दादांचे दुसरे कलम त्यांना वाचून दाखवले. ते हसले, हे त्यांचे मोठेपण.

नणंदबाई सुरतेहून येऊन आठ दिवस राहिल्या आणि मी पारोळ्याला माझ्या बहिणीकडे गेले. पहिल्या दोन रात्री मला तीन वाजता जाग आली. मी उठून बहिणीच्या घराची कडी तपासली. तिसऱ्या रात्रीपासून सकाळपर्यंत झोप लागली. चहाची हौस दोन दिवसांत फिटली. नंतर बहिणीने मला कळण्याच्या भाकरी करायला बसवले. परत आले तेव्हा सासूबाईंनी मी गेले होते हे ओळखले नाही आणि मी आले हेही ओळखले नाही. याचे दुःख होईल असे वाटले होते. झाले नाही.

वहीत नणंदबाईंच्या अक्षरात सात पाने भरलेली होती. त्यांतली एक नोंद अशी आहे: "रात्री ३.१०. आई उठली. घरी जायचे म्हणाली. घरी कोण आहे, असे विचारले. बैल उपाशी आहेत म्हणाली. चारा घालून आले, असे सांगितले. झोपली." पाच वर्षांत मला हे विचारावेसे वाटले नव्हते. आता मीही चारा घालून येते.

पुढचे आठ दिवस दिवाळीनंतर, देवउठनी एकादशीच्या आसपास, आणि त्यानंतरचे आखाजीला, असे कॅलेंडरवर नणंदबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. केंद्रात ठेवण्याचा विचार आम्ही सध्या बाजूला ठेवला आहे. भुसावळच्या दादांच्या आत्यांची गोष्ट त्यामागे आहे, हे मान्य करते.

काल मावशींनी सांगितले, की पुढच्या आठवड्यात त्यांना चार दिवस येता येणार नाही. माझ्या तोंडून "का?" निघालेच होते. ते मी गिळले आणि त्यांना विचारले, की पाचव्या दिवशी दुपारी एकलाच याल ना.